पाच सेकंदांची बॅच

पीएचडीचं दुसरं वर्ष, पुण्यातला जुलै. खिडकीबाहेर धो धो पाऊस आणि माझ्या फ्लास्कमध्ये ताकासारखं पांढरं काहीतरी. यायला हवं होतं पोपटी. ही माझी सहावी बॅच होती.

मला सिझियम लेड ब्रोमाइडचे नॅनोस्फटिक करायचे होते, म्हणजे प्रकाश पडला की हिरवे चमकणारे सूक्ष्म कण, लेझर आणि एलईडीसाठी. रचना पेरोव्हस्काइटची (अणूंची एक ठरावीक मांडणी), आकार दहाएक नॅनोमीटर. २०१५ साली झ्युरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या मॅक्सिम कोव्हालेन्को यांच्या गटाने कृती छापली, ती आठ-दहा ओळींत मावते. लेड ब्रोमाइड ऑक्टाडेसीन या तेलकट द्रावकामध्ये १२० अंशांवर तासभर व्हॅक्यूमखाली सुकवायचं. ओलेइक आम्ल आणि ओलेइलअमाइन (लांब शेपटीचे रेणू, पुढे हेच स्फटिकांवर आवरण धरतात) घालून ते विरघळवायचं. मग तापमान १४० ते २०० अंशांच्या मध्ये कुठेतरी न्यायचं, सिझियम ओलिएट (सिझियमचा ओलेइक आम्लाबरोबरचा क्षार) सिरिंजने एका दमात आत सोडायचं आणि पाच सेकंदांत फ्लास्क बर्फाच्या पाण्यात. कॅडमियम सेलेनाइडसारख्या जुन्या चमकत्या पदार्थाचे कण मिनिटा-मिनिटाने वाढतात, त्यामुळे हवा तो आकार आला की थांबवता येतं. इथे आयन एकमेकांना भेटतात आणि स्फटिक बहुतांशी एक ते तीन सेकंदांत वाढून मोकळे होतात. आकार ठरतो तो मुख्यतः तापमानाने; हात किती चपळ आहे त्याला फार किंमत नाही. हे कळायला मला चार बॅचेस लागल्या, तोवर मी स्टॉपवॉच लावून स्वतःलाच दोष देत होते.

पहिली अडचण सिझियम ओलिएटची. ते गार झालं की तुपासारखं थिजतं. शंभर अंशांना तापवून सिरिंजमध्ये ओढलं तरी फ्लास्कपर्यंत नेईस्तोवर सुईत बसायचं. मी सिरिंज आधी गरम करायला लागले, तेव्हा जरा जमलं. खरं उत्तर दुसरीकडेच होतं. हा क्षार करताना छापील प्रमाणात ओलेइक आम्ल बेताचं आहे. सिझियमच्या पाचपट मोल घेतलं तर द्रावण खोलीच्या तापमानालाही नितळ राहतं. आमच्या दादाने (दोन वर्षं सीनियर) हे सहज चहा पिताना सांगितलं. महिनाभर आधी सांगितलं असतंस तर, असं मी मनात म्हटलं.

पांढऱ्या बॅचचं कारण वेगळं निघालं. ओलेइलअमाइन जास्त झालं की शिसं त्याच्याशी बांधलं जातं आणि सिझियमचं प्रमाण जास्त असलेला दुसराच पदार्थ तयार होतो. तो रंगहीन असतो आणि हिरवा चमकत नाही. माझं मोजमाप चुकलं होतं, पावसाला उगाच शिव्या घातल्या.

सातवी बॅच पोपटी आली. यूव्ही टॉर्च मारली आणि अख्खा फ्लास्क हिरवा पेटला. स्पेक्ट्रोमीटरवर शिखर ५१५ नॅनोमीटरच्या आसपास, रुंदी वीसेक. सरांना फोटो पाठवला. ‘धुतलेस का?’ एवढंच उत्तर.

धुतले. नेहमीच्या सवयीने अ‍ॅसिटोन ओतला, सेंट्रिफ्यूज केलं, टोल्युइनमध्ये घेतलं. पुन्हा एकदा तेच. टॉर्चखाली जेमतेम उजेड. या स्फटिकांवरचं ओलेइक आम्ल आणि अमाइन घट्ट चिकटलेलं नसतं, सतत सुटतं-बसतं. ध्रुवीय द्रावक आला की निघून जातं, सोबत ब्रोमाइडही नेतं, आणि त्या रिकाम्या जागांवर प्रकाश वाया जातो. अ‍ॅसिटोनऐवजी मिथाइल अ‍ॅसिटेट वापरलं, तेही एकदाच. वरून डायडोडेसिल डायमिथाइल अमोनियम ब्रोमाइड थोडंसं. त्याच्या रेणूला दोन लांब शेपट्या, स्फटिकावर जास्त घट्ट पकड, आणि गेलेल्या ब्रोमाइडची भरपाई. दुसऱ्या दिवशी बाटली आदल्या दिवसापेक्षा उजळ दिसत होती. संध्याकाळी पुन्हा पाहिली, तशीच.

लेझरचं काम दुसऱ्या विभागात. काचेवर थेंब सुकवून फिल्म केली आणि ४०० नॅनोमीटरचे फेम्टोसेकंद पल्स दंडगोल भिंगातून पट्टीसारखे पाडले. ऊर्जा हळूहळू वाढवत गेलो. एका स्फटिकात दोन उत्तेजना (प्रकाशाने आत साठवलेली ऊर्जा) एकत्र आल्या की त्या काही दहा पिकोसेकंदांत एकमेकींना विझवतात, त्याआधीच प्रकाशाने प्रकाश वाढवायला हवा. आलेखावर बराच वेळ तोच रुंद डोंगर. मग ५३० च्या आसपास त्याच्या लाल बाजूला एक सुळका उगवला, काही नॅनोमीटरच रुंद. मी ‘लेझर!’ म्हणून ओरडले. दादाने थंडपणे विचारलं, ‘आरसे कुठे आहेत?’ बरोबर होतं त्याचं. प्रकाश मागे-पुढे खेळवणारी आरशांची पोकळी नाही, त्यामुळे हे नुसतं वर्धित स्वयंस्फूर्त उत्सर्जन, म्हणजे वाटेत वाढत गेलेला प्रकाश, लेझर नव्हे. तरी त्या आलेखाची प्रिंट अजून माझ्या टेबलावर आहे.

एलईडीचं गणित उलटं. तिथे वीज आतून जायला हवी आणि ज्या शेपट्यांनी चमक टिकवली त्याच वीज अडवतात. ते काम आता नव्या मुलीकडे आहे. परवा ती रडवेली होऊन फ्लास्क घेऊन आली. आत पांढरं.

‘ताई, पावसामुळे असेल का?’

मी तिला ओलेइलअमाइनच्या मोजमापाची वही आणायला सांगितली.