तुम्ही विचारलंत म्हणून: नकाशाच कशाला?

"जगातली विषमता, जागतिक जबाबदारी हे शिकवायला नकाशे कशाला हवेत? एखादा चांगला व्हिडिओ दाखवा की!" पालक हे विचारतात, नवे शिक्षक तर हमखास विचारतात.

व्हिडिओ मीही दाखवायचे. मुलं गप्प व्हायची, एखाद-दुसऱ्याचे डोळे भरून यायचे आणि शेवटी "पैसे गोळा करू या का?" एवढंच निघायचं. त्यात वाईट काही नाही. पण आफ्रिका म्हणजे एकच सुकलेला, भुकेला देश, असं त्यांच्या डोक्यात बसलं होतं, आणि ते बसवलं होतं मीच.

आता सुरुवात ग्रीनलंडपासून करते. भिंतीवरच्या मर्केटर नकाशात ग्रीनलंड आणि आफ्रिका जवळपास सारखेच दिसतात. मुलं पृथ्वीगोलावर ट्रेसिंग पेपर धरून ग्रीनलंड गिरवतात, कापतात आणि तो तुकडा आफ्रिकेवर नेऊन ठेवतात. कागदाला चुण्या पडतात. पडू द्यायच्या, गोल जग सपाट करण्याची सगळी अडचण त्या चुण्यांतच दिसते. मग आकडे काढतो. ग्रीनलंड सुमारे २१.७ लाख चौरस किलोमीटर, एकटं काँगो लोकशाही प्रजासत्ताक २३.४ लाख, आणि अख्खी आफ्रिका ग्रीनलंडच्या चौदापट.

"म्हणजे नकाशा खोटा!" कोणीतरी म्हणतंच. मर्केटर नावाच्या नकाशाकाराने तो १५६९ मध्ये खलाशांसाठी काढला. दिशा न बदलता जाणाऱ्या जहाजाची वाट त्यावर सरळ रेघेत येते. त्या कामाला तो चोख आहे. घोळ घातला तो वर्गात टांगणाऱ्यांनी, म्हणजे आम्ही.

दुसरा नकाशा १९८० चा. पश्चिम जर्मनीचे माजी चॅन्सेलर विली ब्रांट यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाच्या अहवालात श्रीमंत उत्तर आणि गरीब दक्षिण यांच्यामधून एक रेषा गेली आहे. पूर्वेला ती एकदम खाली वळते आणि ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडला उत्तरेत ओढून घेते. मुलं हसतात. मी खडू पुढे करते: आज तुम्ही कुठून काढाल? दक्षिण कोरिया आणि सिंगापूर तेव्हा रेषेखाली होते. ते वर घ्यायचे यावर लगेच एकमत होतं. मग आखाती देशांवरून भांडण जुंपतं. एकदा एका मुलीने रेषा पुसूनच टाकली. "एकाच देशात दोन्ही असतात, मग मधून कशी काढू?" तासाची घंटा झाली तरी कोणी उठलं नाही.

जबाबदारीचा तास मात्र दोऱ्याचा. फोनच्या बॅटरीत बहुधा कोबाल्ट हा धातू असतो. जगातल्या खाणींतून निघणारा निम्म्याहून जास्त कोबाल्ट त्याच काँगोतला, आणि त्याचं शुद्धीकरण मुख्यतः चीनमध्ये होतं. काँगोत टाचणी, चीनमध्ये टाचणी, तिथून दोरा आपल्या वर्गापर्यंत. प्रत्येक टाचणीपाशी मुलं चिठ्ठी लावतात: इथे कोणाच्या हातात काय आहे? खाणमालक, सरकार, कंपनी, दुकानदार. शेवटच्या टाचणीपाशी चिठ्ठी लावायला हात जरा अडखळतो. दया यायला फुरसत नसते, आपलंच नाव लिहायचं असतं.

मागच्या वेळी दोरा तिथेच संपला. तेवढ्यात मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "जुना फोन टाकल्यावर दोरा कुठे जातो?" दुसरं रीळ आणायला मी एकाला पाठवलं.