रॉबिन पलटी होते, पण का?

रिलायंट रॉबिन या ब्रिटिश तीनचाकी गाडीचं नाव काढलं की लोकांना एकच आठवतं, ती वळणावर पलटी होते. ब्रिटिश टीव्हीवरच्या एका कार्यक्रमात ती वळणावळणाला आडवी पडताना दाखवली आणि तो व्हिडिओ आमच्या धुळ्यातही मोबाइलवर फिरतो. गॅरेजमधली पोरं म्हणतात, "भाऊ, हाई ते पलटी व्हई जाई!" गाडी पडावी म्हणून तिच्या डिफरन्शियलमध्ये, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या दोन चाकांना वाटून देणाऱ्या भागात, फेरफार केला होता, हे निवेदकानेच नंतर कबूल केलं. ती कबुली फारशी कुणापर्यंत पोचली नाही, याचा मला राग येतो.

दोष आहेच, पण तीन चाकांचा नाही. मी रिक्षाची कामं करतो. पुढे एक चाक असलं की वजन मागच्या जोडीजवळ हवं. आपल्या रिक्षाचं इंजिन मागे, सवाऱ्याही मागे. रॉबिनचं इंजिन पुढे, त्या एकट्या चाकाजवळ, आणि ड्रायव्हरही पुढेच. वळणात ब्रेक मारला की भार पुढे जातो आणि मागचं आतलं चाक उचलतं. लळिंग घाटात रिकामी रिक्षा उतरवताना वळणाआधीच स्पीड कमी करायचा, वळणात ब्रेक दाबायचा नाही. रॉबिनवाल्यानेही तेवढंच पाळायचं.

बाकी गाडी मला मनापासून आवडते. 1973 साली इंग्लंडातल्या टॅमवर्थची रिलायंट कंपनी ती घेऊन आली. 748 सीसीचं चार सिलिंडरचं ॲल्युमिनियम इंजिन, पुढे 848 सीसी. बॉडी फायबरची, म्हणजे पत्रा सडायची भानगड नाही. वजन साडेचारशे किलोच्या आत, म्हणून तिथे मोटारसायकलच्या लायसनवर चालायची, टॅक्सही कमी. साइडकारमध्ये बायको-पोरांना बसवून पावसात भिजणाऱ्या कामगाराला डोक्यावर छप्पर मिळालं. मे महिन्यात पारोळा रोडवर टाकीवर एक पोरगं, मागे मांडीवर दुसरं, अशी बाइक दिसली की मला तीच गाडी आठवते.

आपल्याकडेही 70च्या दशकात बंगळुरूच्या सनराइज कंपनीने 'बादल' नावाची गाडी काढली होती. तीन चाकं, फायबर बॉडी, 200 सीसीच्या आसपासचं टू-स्ट्रोक इंजिन, आणि तेही मागे! इथे ती रॉबिनपेक्षा शहाणी. पुढे त्याच कंपनीने रिलायंटच्या किटन या गाडीवरून चारचाकी डॉल्फिन आणली आणि बादल मागे पडली. ती टिकायला हवी होती.

खान्देशात कुणाच्या वाड्यात, खळ्यात एखादी बादल पडून असेल तर कळवा. फायबर आहे, बॉडी शाबूत असणार. इंजिनाचं मी बघतो.