कुंझुमच्या वाटेवर: रस्त्याची आणि हवामानाची खबर घेताना

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही चौघे, म्हणजे मी, पत्नी, मेहुणा आणि कार्यालयातला एक मित्र, मुलुंडहून गाडीने निघालो आणि हिमाचल प्रदेशात मनाली, कुंझुम खिंड, काझा, ताबो, किन्नौर असा फेरा करून परत आलो. परतल्यापासून भेटेल तो एकच प्रश्न विचारतो, "रस्ता कसा आहे?" पुणे-नाशिक रस्त्याविषयी हा प्रश्न पुरेसा असेल, परंतु ग्राम्फू ते लोसर या कुंझुम खिंडीतून जाणाऱ्या पट्ट्यासाठी तो अपुरा पडतो. रस्ता कसा होता, तो कोणी पाहिला, किती वाजता आणि किती उंचीवर पाहिला, हे कळल्याखेरीज तिथल्या उत्तराचा काही उपयोग होत नाही. याच पट्ट्यातल्या छोटा दारा या ठिकाणाच्या अलीकडे एका नाल्याच्या काठी अडीच तास बसून राहिल्यावर हे आम्हाला नीट उमगले, म्हणून हा वृत्तांत प्रेक्षणीय स्थळांऐवजी खबर घेण्याविषयीच लिहीत आहे.

मुंबई ते चंदीगड या तीन दिवसांविषयी सांगण्यासारखे काही नाही. मंडी ते कुल्लू हा बियास नदीच्या काठाचा टप्पा मात्र गृहीत धरू नये. पंडोहच्या आसपास दरडी कोसळून तो पावसाळ्यात वारंवार बंद पडतो आणि मग लहान गाड्या कटौला-बजौरा या अरुंद रस्त्याने वळवाव्या लागतात. पुढे ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये खुला झाल्यापासून रोहतांग खिंड चढण्याची गरज उरलेली नाही. त्यामुळे मनाली ते काझा हे सुमारे २०० किलोमीटर अंतर नकाशावर सोपे दिसते आणि खरी गफलत तिथेच होते. बोगद्यातून गुळगुळीत रस्त्याने कोकसर गाठेपर्यंत मन निर्धास्त होते आणि ग्राम्फूला काझाच्या रस्त्याला लागल्यावर बातलपर्यंतच्या सुमारे ५० किलोमीटरला आम्हाला पाच तास लागले.

तयारी आम्ही पंधरा दिवस आधी, रोज रात्री जेवणानंतर करत असू. कुंझुम साधारणपणे मे-जूनमध्ये उघडते आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बर्फाने बंद होते. मोसमी पाऊस ओसरत असतो आणि बर्फवृष्टी सुरू व्हायची असते, म्हणून सप्टेंबर बरा, असा सर्वसाधारण समज आहे आणि तो बराचसा खरा आहे. तरीही २०१८ च्या सप्टेंबरअखेरीस लाहौल-स्पितीत अवेळी जोरदार बर्फ पडून शेकडो लोक अडकले होते आणि काहींना हवाई दलाच्या हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले. भर उन्हाळी हंगामात, जुलै २०२३ मध्ये, अडीचशेहून अधिक पर्यटक चंद्रताल तलावाजवळच्या तंबूंत कित्येक दिवस अडकून पडले, कारण अतिवृष्टी आणि बर्फ यांनी वाट पुसून टाकली होती. भूमध्य समुद्राच्या बाजूने पूर्वेकडे सरकणारा पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पाऊस-बर्फ आणणारी हवेची प्रणाली, आणि मोसमी वाऱ्यांचे बाष्प हिमाचलवर एकत्र येतात, तेव्हा असे प्रसंग ओढवतात. म्हणून केवळ 'पाऊस आहे का' एवढे न पाहता हवामान विभागाच्या इन्सॅट उपग्रहाच्या चित्रांत अफगाणिस्तान-पाकिस्तानवरून ढगांचा पट्टा पूर्वेकडे येत आहे का, हे पाहावे. तो दिसू लागल्यापासून आपल्या हाती साधारण एक-दोन दिवस असतात.

इशाऱ्यांचे रंग आपल्याला पाठ आहेत. पावसाळ्यात पिवळा, नारंगी आणि लाल यांच्यावरच आपल्या शाळांच्या सुट्ट्या ठरतात. परंतु मुंबईची नजर स्पितीला नेऊन चालत नाही. हवामान विभागाच्या व्याख्येनुसार २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून 'जोरदार पाऊस' सुरू होतो. तेवढा पाऊस झाला तर आपण छत्री झटकून कामाला लागतो, कारण २६ जुलै २००५ चे सांताक्रूझचे ९४४ मिलिमीटर आपल्या मनात मोजपट्टीसारखे बसलेले आहेत. स्पिती हा पर्जन्यछायेतला, झाडझाडोरा नसलेला, सुट्या दगडमातीचा मुलूख आहे. तिथे याच्या चौथाई पावसानेही डोंगर खाली येऊ लागतो. दुसरे असे, की इशारा जिल्ह्यासाठी असतो आणि लाहौल-स्पिती हा जिल्हा १३,८०० चौरस किलोमीटरहून मोठा आहे. काझा येथे स्वच्छ ऊन असताना कुंझुमच्या अलीकडे, चंद्रा नदीच्या खोऱ्यात, पाऊस चालू असू शकतो आणि इशारा दोघांसाठी एकच असतो.

मला सर्वात उपयोगी पडले ते एक साधे गणित. उंची दर हजार मीटरने वाढली की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. मनाली सुमारे २,०५० मीटरवर, तर कुंझुम ४,५५१ मीटरवर आहे, म्हणजे फरक अडीच हजार मीटरचा आणि सुमारे सोळा अंशांचा. दमट, ढगाळ हवेत हा फरक थोडा कमी होतो, तरीही मनालीचा अंदाज '१४ अंश आणि पाऊस' असा असेल तर खिंडीत बर्फ पडणार, असेच धरून चालावे. कुलाबा आणि सांताक्रूझ यांच्या तापमानात एक-दोन अंशांचा फरक पाहून वाढलेल्या माणसाला हे आपणहून सुचत नाही. मोबाइलवरच्या ॲपांविषयीही असाच सावधपणा हवा. ती ज्या जागतिक प्रारूपांवर, म्हणजे संगणकावर मांडलेल्या हवामानाच्या गणितांवर, चालतात, ती नकाशा चौकटींत विभागतात. या चौकटी सुमारे ९ ते १३ किलोमीटरच्या असतात आणि एका चौकटीत खिंड, दरी आणि हिमनदी यांची सरासरी उंची धरली जाते. त्यामुळे आकडा कुणाचा आहे हे कळत नाही. दोन निरनिराळ्या प्रारूपांचे अंदाज लागोपाठ तीन दिवस जुळत असतील तर त्यावर भरवसा ठेवावा. ते रोज उलटसुलट होत असतील तर कोणालाच काही कळलेले नाही, असे समजावे.

मेहुण्याने आणखी एक युक्ती काढली. युरोपीय सेंटिनेल-२ उपग्रहांची छायाचित्रे विनामूल्य पाहता येतात. त्यांत १० मीटरपर्यंतचा तपशील दिसतो आणि दर पाच दिवसांनी नवे चित्र मिळते. निघण्यापूर्वीच्या चित्रात कुंझुमच्या माथ्यावर रस्त्याची फिकट रेघ स्पष्ट होती आणि बर्फ फक्त वरच्या कड्यांवर होता. वाहून गेलेला रस्ता किंवा फुगलेला नाला यात दिसत नाही आणि ढग असले तर काहीच दिसत नाही, परंतु खिंड पांढरी आहे की मातकट, एवढे घरबसल्या कळते.

मनालीत पोहोचल्यावर मात्र माणसांकडे वळावे. लाहौल-स्पिती पोलीस समाजमाध्यमांवर रस्त्यांची रोजची स्थिती देतात, ती सकाळी पाहावी आणि तिच्यावरची तारीख दोनदा वाचावी, कारण एकमेकांना पुढे पाठवलेल्या संदेशांत गेल्या वर्षीचीही चित्रे सर्रास फिरत असतात. जिल्हा आपत्ती कक्षाचा क्रमांक १०७७ आहे. बाहेरच्या जिल्ह्यातून लावताना आधी तिथला एसटीडी कोड जोडावा. याहून भरवशाची खूण बसस्थानकावर मिळते. हिमाचल परिवहनची काझाची बस काल पोहोचली का आणि तिकडची बस आली का, एवढेच तिथे विचारावे. आपल्याकडे घाट बंद आहे की चालू, हे जसे एसटीच्या कंडक्टरला आधी ठाऊक असते, तसेच हे आहे.

आम्ही हे सर्व केले आणि शेवटच्या सकाळी नेमका आळस केला. आम्ही ज्या निवासात उतरलो होतो तिथल्या व्यवस्थापकाने "रास्ता एकदम खुला है" असे सांगितले, ते ऐकून आम्ही निवांत न्याहारी करून साडेनऊला निघालो. त्याची माहिती खोटी नव्हती. ती आदल्या दिवशी सकाळी सातला पलीकडे गेलेल्या चालकाची होती.

छत्रू सोडून छोटा दाराच्या अलीकडे पोहोचलो तेव्हा दुपारचा दीड वाजला होता. डाव्या अंगाच्या हिमनदीतून उतरणारा नाला रस्त्यावरूनच चंद्रेकडे जात होता. पाणी राखाडी, गढूळ होते आणि त्याच्या खळखळाटाखाली आणखी एक आवाज येत होता, तळाशी दगड एकमेकांवर आपटत गडगडत असल्याचा. पलीकडे एक ट्रक थांबलेला होता. त्याचा चालक उतरून काठाशी आला आणि त्याने हाताने 'थांबा' अशी खूण केली. पत्नीने पाण्याच्या कडेला नारळाएवढा एक पांढरा दगड ठेवला आणि घड्याळ पाहिले. वीस मिनिटांत दगडाच्या पलीकडे हातभर पाणी सरकले होते. तिने दुसरा दगड मागे ठेवला, तोही गेला. अडीच तासांत चार दगड झाले, तेव्हा आम्ही गाडी वळवून छत्रूच्या ढाब्यावर मुक्कामाला गेलो. तिथल्या गृहस्थांनी राजमा-भात वाढताना एवढेच सांगितले, की हा नाला सकाळी ओढा असतो आणि दुपारी नदी.

कारण साधे आहे. दिवसा उन्हाने हिमनदी वितळते, ते पाणी खाली पोहोचायला काही तास लागतात, म्हणून नाला दुपारपासून संध्याकाळपर्यंत फुगतो आणि रात्री गारठ्याने वितळणे थांबले की पहाटेपर्यंत उतरतो. आकाश निरभ्र असेल तर दुपारी पाणी अधिकच वाढते, म्हणून स्वच्छ हवेचा अंदाज पाहून नाल्याबाबत निर्धास्त होऊ नये. मुंबईकराने हे भरती-ओहोटीसारखे मानावे. साडेचार मीटरची भरती किती वाजता आहे हे पाहूनच आपण हिंदमाताच्या बाजूला जायचे की नाही ते ठरवतो, तशी इथे घड्याळाशी गाठ घालावी. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला तोच नाला घोट्याएवढा होता. तरीही मित्राने आधी काठी टेकत चालत जाऊन तळ पाहिला, कारण रात्रीत पाण्याने वाट कुरतडलेली असते. मग पहिल्या गिअरमध्ये, न थांबता आणि क्लचला हात न लावता, म्हणजे पाय न लावता, गाडी पार केली. पाणी गुडघ्याच्या वर असेल किंवा तळ दिसत नसेल तर थांबावे. पुढच्या गाडीने पार केले, हे आपल्याला पुरेसे कारण नसते.

त्यानंतर बातल, कुंझुम आणि लोसर विनासायास झाले. खिंडीत कडेला दोन बोटे बर्फ होता, तो रात्रीचाच. कोकसर सोडल्यावर लोसरपर्यंत आमच्या फोनांना जवळपास कुठेच संपर्क मिळाला नाही, म्हणून निघण्यापूर्वी घरी मार्ग, अपेक्षित वेळ आणि 'अमुक वेळेपर्यंत फोन नाही आला तर कुणाला कळवायचे' हे लिहून द्यावे. उपग्रह-फोन नेण्याचा मोह टाळावा, कारण परवान्याशिवाय तो भारतात वापरणे बेकायदा आहे. इंधन मनालीत पूर्ण भरावे, त्यानंतरचा पंप थेट काझा येथे आहे आणि रस्ता बंद झाला की तिथला साठाही आटतो. शिवाय समुद्रसपाटीवरून थेट इतक्या उंचीवर जाताना एक मुक्काम मध्ये घ्यावा. आमचा छत्रूचा मुक्काम नाइलाजाने घडला, पण दुसऱ्या दिवशी डोके कुणाचेच दुखले नाही.

काझाला पोहोचल्यावर आम्ही पुन्हा अंदाज पाहिला. चौथ्या दिवशी नवा पश्चिमी विक्षोभ येत होता. मूळ बेत त्याच वाटेने मनालीला परतण्याचा होता, तो आम्ही सोडला आणि किन्नौरमार्गे शिमल्याकडे उतरलो. हा निर्णय घेता आला तो केवळ दोन दिवस राखून ठेवले होते म्हणून. सोमवारी कार्यालयात हजर व्हायचेच, अशा रजेवर आलेला माणूस अंदाज वाचतो खरा, पण आपल्याला सोयीचा तेवढाच वाचतो. मी स्वतः पूर्वी तसे वागलेलो आहे.

किन्नौरची वाट वर्षभर चालू ठेवण्याचा प्रयत्न असतो, म्हणून ती सुरक्षित मानली जाते, पण तिथला धोका निराळा आहे. तिथे वरून दगड येतात. ११ ऑगस्ट २०२१ रोजी निगुलसरी येथे दरड कोसळून बससह अनेक वाहने गाडली गेली आणि २८ जणांचा जीव गेला. नाकोजवळच्या मलिंग नाल्याच्या उतारावरून तर कोरड्या दिवसातही दगड सुटतात. असा पट्टा दुपारचा वारा सुटण्यापूर्वी ओलांडावा आणि पाऊस थांबला म्हणून लगेच निघू नये, कारण भिजलेली माती नंतरही सरकत राहते. कडेला ताजे, धूळ न बसलेले दगड पडलेले दिसले तर थांबून काही मिनिटे वर पाहावे, काचा खाली कराव्यात आणि गाणी बंद करावीत.

आम्ही ताबोहून पहाटे निघालो आणि मलिंग साडेआठला पार केले. नाकोत चहा घेताना पुण्याचे तीन दुचाकीस्वार भेटले, ते काझाकडे निघाले होते. त्यांनी नेहमीचाच प्रश्न विचारला. मेहुण्याने त्यांच्या नकाशाच्या कडेला पेन्सिलने लिहून दिले: 'मलिंग, सकाळी ८.३०, कोरडे, दोन दगड ताजे. कुंझुम, दोन दिवसांपूर्वी, कडेला बर्फ. छोटा दाराचा नाला सकाळी सातच्या आत. परवा विक्षोभ.' त्यांच्यातल्या एकाने ते वाचून काझाच्या पुढचा बेत कॅमेऱ्याच्या बॅगेत घडी करून ठेवला आणि आणखी एक चहा मागवला.