तुम्ही वाचलात, मग आमचा मुलगा वाचेल ना?

गेल्या दिवाळीनंतर पारोळ्याकडचे एक काका जळगावला माझ्याकडे आले. ऐन कापूस वेचणीचे दिवस, तरी काम टाकून आलेले. हातात एक्स-रेचं पाकीट, सोबत 15 वर्षांचा मुलगा, त्याच्या गुडघ्याच्या वर सूज. बसायच्या आधीच त्यांनी विचारलं, "मना आंडोर वाची ना, भाऊ?"

19 वर्षं झाली, लोक मला हेच विचारतात. मी 17 वर्षांचा असताना डाव्या मांडीच्या हाडात, गुडघ्याच्या जरा वर, ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे हाडातच सुरू होणारा एक कॅन्सर, निघाला. आज तिथे धातूचा सांधा आहे. पंगतीत मांडी घालून बसता येत नाही, बाकी दिवसभर दुकानात उभा असतो. कुणाच्या घरी असा आजार निघाला की गावचे लोक त्यांना माझ्याकडे पाठवतात, धीर यावा म्हणून. तुम्ही विचारलंत म्हणून खरं तेच सांगतो: मी वाचलो यावरून तुमच्या मुलाचं काहीच ठरत नाही.

आधी आजाराचं नाव कळायला हवं. आपल्याकडे सरसकट 'हाडाचा कॅन्सर' म्हणतात, पण मोठ्या माणसांत तो बहुतेक वेळा दुसऱ्या अवयवातून हाडात पसरलेला असतो. मुळात हाडातच सुरू होणारे सार्कोमा फार विरळ आणि त्यांचे स्वभाव वेगवेगळे. ऑस्टिओसार्कोमा आणि युइंग सार्कोमा हे जास्त करून वाढत्या वयातल्या मुलांचे. कॉन्ड्रोसार्कोमा बहुधा चाळिशीनंतरचा. त्यावर केमो फारशी चालत नाही, पण कमी ग्रेडचा, म्हणजे हळू वाढणारा असेल आणि पुरता काढला तर माणसं वर्षानुवर्षं जगतात. पॅरोस्टिअल हा ऑस्टिओसार्कोमाचाच भाऊबंद, पण हळू वाढणारा. त्यात बहुतेकांचं नुसत्या ऑपरेशनवर भागतं आणि दहातले नऊ जण वाचतात.

काकांच्या मुलाला डॉक्टरांनी संशय सांगितला होता तो नेहमीच्या ऑस्टिओसार्कोमाचा. 1970 च्या आधी यावर पाय कापणं एवढाच उपाय होता. तरी दहातले आठ जण पुढे फुप्फुसाच्या गाठींनी जायचे, कारण डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशी आधीच तिथे पोचलेल्या असत. केमो आली आणि चित्र पालटलं. आज आजार हात-पायापुरता असेल आणि उपचार पुरे झाले, तर पाच वर्षांनी दहातले सहा-सात जण हयात असतात. सुरुवातीलाच फुप्फुसात गाठी दिसल्या तर दोन-तीन. त्यातही गाठी मोजक्या असतील, सगळ्या काढता आल्या, तर काही जण बरे होतात.

मग एक रिपोर्ट येतो, त्याची वाट पाहणं मला अजून आठवतं. आधी केमो देतात, मग ऑपरेशन, आणि काढलेल्या गाठीतला किती भाग मेला ते तपासतात. 90 टक्के किंवा जास्त मेला असेल तर चांगली खूण. माझा 70 आला होता. त्या रात्री दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आई जेवली नाही. शेजारच्या खाटेवरच्या माझ्या मित्राचा 95 आला, त्याच्या घरच्यांनी पेढे वाटले. दुसऱ्या वर्षी त्याच्या फुप्फुसात गाठी निघाल्या आणि तो गेला. आकडा खोटा नव्हता. तो शंभर जणांबद्दल बोलत होता, आम्हा दोघांबद्दल नाही.

आपल्या हातात काय आहे, यावर मात्र मी तासभर बोलतो. माझे दोन महिने हाडवैद्याच्या मालिशीत आणि लेपात गेले. पोरगं खेळतं, लागलं असेल, असंच सगळ्यांना वाटलं. पण रात्री झोपेतून उठवणारं दुखणं आणि वाढत जाणारी सूज असेल तर मालीश नको, आधी एक्स-रे. बायोप्सीही, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणं, ज्या हॉस्पिटलात ऑपरेशन होणार तिथेच करावी, कारण सुई ज्या वाटेनं गेली ती वाटसुद्धा पुढे गाठीबरोबर काढावी लागते. चुकीच्या जागी छेद दिला तर वाचू शकणारा पाय जाऊ शकतो. आणि गाठ काढली म्हणजे संपलं, असं समजून पेरणीसाठी गावी येऊन बसू नका. ऑपरेशननंतरच्या केमोच्या फेऱ्या राहिलेल्या असतात. ते लाल औषध चढलं की लघवी लाल होते, तोंड येतं, केस जातात. मी दोनदा आईला म्हणालो, आता घरी चल. तिनं ऐकलं नाही.

काकांना मी तिकिटाची सवलत समजावली, परळला टाटात आधी कुठे जायचं ते कागदावर लिहून दिलं. मुलगा इतका वेळ गप्प होता. निघताना त्यानं माझा व्रण बघायला मागितला, बोटानं वरपासून खालपर्यंत चाचपला आणि विचारलं, "सायकल येते?" येते म्हटलं.

आठ दिवसांनी काकांचा फोन आला. नाव तेच निघालं होतं, ऑस्टिओसार्कोमा. छातीचा सीटी झाला होता, फुप्फुसं स्वच्छ होती.

"आते दहामा कितला?" त्यांनी विचारलं.

"सहा-सात," मी म्हणालो.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, गाठ काढल्यावर पुन्हा फोन करतो, तेव्हा परत सांगा.