तीन घरांचा कोपरा

हेक्स हा दोघांचा पटावरचा खेळ: आपल्या सोंगट्यांची साखळी एका कडेपासून समोरच्या कडेपर्यंत जोडायची. अशा खेळात चौकोनी घरांच्या पटाला एक जुनं दुखणं आहे. चार घरं एकाच बिंदूत भेटतात. एका कर्णावर तुमच्या सोंगट्या, दुसऱ्यावर माझ्या. तुमचाही रस्ता बंद, माझाही. षटकोनी घरं घेतली की हे भांडण मिटतं. तिथे एका बिंदूपाशी तीनच घरं येतात, आणि रंग दोनच, म्हणजे पट भरला की एका रंगाच्या दोन सोंगट्या तिथे शेजारी येणारच. हेक्समध्ये डाव बरोबरीत का सुटत नाही, याचं मूळ या कोपऱ्यात आहे. समोरच्याला पूर्ण अडवायचं तर स्वतःची साखळी जोडण्यावाचून गत्यंतर नाही.

कवी आणि गणितज्ञ पीट हाइन यांनी १९४२ साली डेन्मार्कमध्ये हा खेळ मांडला; काही वर्षांनी गणितज्ञ जॉन नॅश यांना अमेरिकेत तो स्वतंत्रपणे सुचला. नियम पोस्टकार्डावर मावतील. ११ बाय ११ चा तिरपा पट, १२१ घरं. समोरासमोरच्या दोन कडा लाल, दोन निळ्या. आळीपाळीने एकेक सोंगटी ठेवायची. ठेवलेली हलत नाही, मरतही नाही. आपल्या दोन कडा जोडल्या की जिंकलात.

नवखा माणूस सोंगटीला सोंगटी चिकटवत निघतो आणि हरतो. जाणकार 'पूल' बांधतो: एकमेकींना न चिकटलेल्या दोन सोंगट्या, मध्ये दोघींनाही लागून असलेली दोन रिकामी घरं. प्रतिस्पर्धी एकात घुसला की आपण दुसरं घ्यायचं. कडेपासून दुसऱ्या ओळीतल्या सोंगटीखाली कडेची दोन घरं मोकळी असली की तोही पूलच. म्हणून मधल्या घरातून सरळ वर-खाली दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या, आठव्या आणि दहाव्या ओळीत एकेक सोंगटी बसली, की पाचांत काम झालं. साखळीतल्या उरलेल्या सहा सोंगट्या प्रतिस्पर्ध्याच्या घुसखोरीला उत्तर देता देता पडतात.

पूल मोडतो तो बहुधा एकाच कारणाने. दोन पुलांचं एक घर सामाईक असतं, तिथे एकच सोंगटी येऊन बसते, आणि उत्तरं दोन द्यायची असतात. अडवतानाही खेटून अडवू नये. समोरचा बगलेतून निसटतो. चार पावलं पुढे जाऊन, जरा लांबून अडवावं.

कडेजवळची 'शिडी' मात्र भल्याभल्यांना दमवते. तुम्ही दुसऱ्या ओळीत सरकता, प्रतिस्पर्धी पहिल्या ओळीत खाली अडवत राहतो, आणि असं कोपऱ्यापर्यंत. वाटेत आधीच कडेला जोडलेली आपली एखादी सोंगटी असेल तर शिडी तिथे टेकते. नसेल तर ही सगळी पायपीट त्याचीच भिंत बांधून देते.

बिनचूक खेळला तर पहिलाच जिंकतो, हे सिद्ध झालंय. पण ती सिद्धता कसं जिंकायचं ते सांगत नाही, लबाडच म्हणायची. तरीही पहिल्याचं पारडं जड राहतंच, म्हणून अदलाबदलीचा नियम: एकाने पहिली सोंगटी ठेवायची, दुसऱ्याने हवी तर ती बाजू घ्यायची. मग मधलं घर कोणी घेत नाही. घेतलं तर ते लगेच समोरच्याचं होतं.