आमची वाटचाल: पेस्टिसाइडपासून फ्लेम रिटार्डंटपर्यंत

आमची टेस्टिंग लॅब छोटीच. सुरुवातीची सगळी कामं पेस्टिसाइडवाल्यांची. 2011 ला भारत ओईसीडीच्या (विकसित देशांची आर्थिक संघटना) एकमेकांचा टेस्ट डेटा मानायच्या व्यवस्थेत पूर्ण आला, इथल्या जीएलपी (गुड लॅबोरेटरी प्रॅक्टिस, म्हणजे लॅबच्या शिस्तीचे नियम) लॅबचा डेटा बाहेर चालायला लागला, मग आम्हीही हिंमत करून ते सर्टिफिकेट घेतलं.

फ्लेम रिटार्डंट म्हणजे सोफ्याचा फोम, टीव्हीचं प्लॅस्टिक, सर्किट बोर्ड यांनी पटकन पेट घेऊ नये म्हणून घालतात ते केमिकल. जुनी ब्रोमिनवाली स्टॉकहोम कराराच्या (टिकाऊ विषारी केमिकलवर बंदी आणणारा आंतरराष्ट्रीय करार) यादीत जात राहिली, 2009 ला पेंटा-ऑक्टा, 2013 ला एचबीसीडी, 2017 ला डेका, आणि मार्केट फॉस्फरसवाल्यांकडे वळलं. आता फॉस्फरस म्हणजे निर्धोक असं काही नाही हं, टीसीईपी त्यातलंच आणि युरोपात ते प्रजननाला घातक म्हणूनच नोंदलंय. वर्षाला 100 टनांच्या पुढे माल युरोपात जायचा तर केमिकलने पोटातल्या गर्भाला इजा होते का हे बघणारी गाभण जनावरांवरची टेस्ट लागते, तिथून आमच्याकडे हे काम आलं.

काम असं, की उंदरांचे नर-मादी रात्री एकत्र ठेवायचे, सकाळी मादीच्या योनीतल्या स्मिअरमध्ये (स्रावाचा नमुना) स्पर्म दिसले की तो गर्भाचा दिवस शून्य. मग गर्भ रुजल्यापासून रोज कॉर्न ऑइलमधून डोस, तीन डोस ग्रुप आणि एक कंट्रोल (केमिकल न दिलेला ग्रुप), प्रत्येकात साधारण वीस गाभण माद्या, आणि विसाव्या दिवसाच्या आसपास मादी मारून गर्भ काढायचे. हे गोड शब्दांत झाकण्यात अर्थ नाही. निम्म्या गर्भांचं मांस पोटॅशने पारदर्शक करून हाडं अलिझरिन या रंगाने लाल करतात, आणि मग मायक्रोस्कोपखाली एकेक बरगडी मोजत बसायचं.

खरी मेख इथेच आहे. उंदराला बरगड्यांच्या तेरा जोड्या, पण चौदावी किंवा नागमोडी बरगडी केमिकल न देताही अधूनमधून दिसतेच, मग ती केमिकलमुळे आली की मुळातच होती हे सांगायला आपल्याच लॅबच्या, आपल्याच जातीच्या उंदरांचा वर्षानुवर्षांचा कंट्रोल डेटा लागतो, तो विकत मिळत नाही. मशिनरीपेक्षा आमची खरी इस्टेट म्हणजे ती रजिस्टरं. शिवाय हिशोब पिल्लांवर नाही, आईवर करायचा, एका पोटातली बारा पिल्लं म्हणजे बारा पुरावे नव्हेत, नवीन पोरांना हे पटवताना घसा कोरडा पडतो. 2018 पासून या टेस्टच्या ओईसीडी गाइडलाइनमध्ये आईच्या थायरॉइड हार्मोनची भर पडली, फ्लेम रिटार्डंटसाठी ते बरंच झालं, कारण पीबीडीई (वरची पेंटा, ऑक्टा, डेका ही त्यातलीच) उंदरांमध्ये टी4 हे थायरॉइड हार्मोन खाली आणतात हे आधीच माहीत होतं.

क्लायंट म्हणतात, साहेब रिपोर्टमध्ये फक्त सेफ लिहा की. आम्ही लिहितो ते एवढंच, की अमुक मिलिग्रॅमपर्यंत परिणाम दिसला नाही. त्यावरून काही जण दुसरीकडे गेले, जाऊ देत. सध्या सशांची रूम बांधतोय, 1000 टनांच्या वर दुसरी प्रजातीही लागते आणि आमचा एक क्लायंट तिथे पोचत आलाय.