तुम्ही विचारलंत म्हणून: गावांच्या नावांसाठी हॅस्केल कशाला?

केळी बागायतदारांच्या याद्या घेऊन भुसावळला माझ्याकडे येणारी मंडळी आणि संगणकशास्त्राचे विद्यार्थी मला वारंवार एकच प्रश्न विचारतात: गावांची मराठी नावे दुरुस्त करण्यासाठी हॅस्केलसारखी फंक्शनल भाषा, म्हणजे लहान लहान फंक्शने जोडून प्रोग्राम लिहिण्याची भाषा, कशाला हवी?

विद्यार्थ्यांना मी प्रथम ‘धुळे’ हा शब्द टाइप करायला सांगतो. पडद्यावर 2343, 2369, 2355, 2375 असे चार आकडे उमटतात, कारण हॅस्केलची मूळ स्ट्रिंग, म्हणजे मजकूर ठेवण्याचा प्रकार, ही यूनिकोड (लिपीतील प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणारी जागतिक पद्धत) चिन्हांची साधी यादी असते आणि ध, उकार, ळ व मात्रा ही तिच्या लेखी चार स्वतंत्र चिन्हे आहेत. ही यादी उलटी केली की मात्रा निराधार होऊन सर्वांत पुढे येते आणि ‘ध’चा उकार ‘ळ’ला चिकटतो. एलिक्सिर या दुसऱ्या फंक्शनल भाषेत मात्र ‘ळेधु’ मिळते, कारण तेथील मजकूर उलटा करणारे फंक्शन वाचकाला दिसणाऱ्या अक्षरांच्या हिशेबाने चालते. (मुक्ताईनगरमधील ‘क्ता’ हे जोडाक्षर अखंड धरावे, हा नियम यूनिकोडमध्ये 2023 साली 15.1 या आवृत्तीत आला.) मोठ्या याद्यांसाठी मी मूळ स्ट्रिंगऐवजी ‘टेक्स्ट’ हा प्रकार वापरतो, कारण स्ट्रिंगमध्ये देवनागरीच्या एका चिन्हाला 40 बाइटपर्यंत जागा लागते, ‘टेक्स्ट’च्या 2.0 आवृत्तीपासून तीन पुरतात.

खरी अडचण मला ‘कुऱ्हे’ या नावाने शिकवली. एकाच यादीत ते तीन प्रकारे आले होते: कुठे ‘ऱ’ हे एकच चिन्ह होते, कुठे ‘र’ आणि खाली नुक्ता (टिंब) अशी दोन चिन्हे होती, तर कुठे जुन्या सवयीने ‘कु-हे’ असे आडव्या रेघेने लिहिले होते. पहिली दोन डोळ्यांना सारखी दिसतात, पण तुलनेत वेगळी ठरतात. यूनिकोडच्या प्रमाणीकरणाने, म्हणजे एकाच अक्षराची वेगळी रूपे एका ठरलेल्या रूपात आणल्याने, ती एक होतात. रेघेसाठी मी पूर्वी दुसऱ्या एका साधनात सरसकट बदल केला, तेव्हा ‘यावल-हिंगोणे’चे ‘यावलऱ्हिंगोणे’ झाले, आणि मूळ फाइलवरच बदल केल्यामुळे आधी काय लिहिले होते ते सांगायला काहीच उरले नाही.

हॅस्केलमध्ये असे घडत नाही, कारण तेथे मजकूर बदलता येत नाही. फंक्शन मूळ मजकूर घेते आणि नवा मजकूर देते, मूळ तसाच शेजारी राहतो. म्हणून मी लहान लहान फंक्शने लिहून एकापुढे एक जोडतो: टोकाच्या मोकळ्या जागा काढणे, प्रमाणीकरण करणे, रेघेच्या जागी ‘ऱ्’ घालून पाहणे. शेवटचे फंक्शन ‘मेबी’ प्रकाराचे उत्तर देते, म्हणजे नवे नाव तालुक्याच्या गावयादीत सापडले तर ते नाव, नाहीतर ‘नथिंग’, आणि त्या उत्तराचे काय करायचे हे लिहिल्याशिवाय हॅस्केल ते नाव म्हणून पुढे वापरूच देत नाही. हा आग्रहच मला या भाषेत सर्वांत मोलाचा वाटतो. न जुळलेली नावे मूळ रूपातच वेगळ्या कागदावर छापली जातात, आणि तो कागद मी यादी आणणाऱ्या माणसापुढे ठेवतो.